मुकं अक्षर

थोर्शहाव्नहून मेल आला मंगळवारी:
तुमच्या संकेतस्थळाखालचं पीएचपी फार जुनं झालंय,
पाच पूर्णांक तीन.
महिनाअखेर आम्ही ते बंद करतोय.
त्याला आता कुणी ठिगळ लावत नाही,
दारं सताड उघडी आहेत,
आणि चोरांना, म्हणे, बेट लहान की मोठं
याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मी ग्रंथालयात अर्धवेळ, उरलेला अर्धा
लोकरीच्या सहकारी दुकानात.
हे संकेतस्थळ माझ्या गळ्यात पडलं
आयफिन्नुर गेला तेव्हा.
मासळीच्या कारखान्यात तो वायरमन;
रात्रपाळीत, शीतगृहाच्या घरघरीत
एकट्याने लिहिलं सगळं:
फेरीबोटीचं वेळापत्रक, मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा,
आणि समुद्रात राहिलेल्यांची यादी.

त्याचा कोड वाचणं म्हणजे
मेलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात मीठ शोधणं.
चारशे बाराव्या ओळीवर त्याने लिहून ठेवलंय:
"याला हात लावू नका. का चालतं ते मलाही माहीत नाही."

मी हात लावला.
तीन रात्री जुनी फंक्शनं उपटत होते,
नवी बसवत होते,
लाल ओळी येत होत्या, कॉफी निवत होती.
शुक्रवारी पहाटे एकही लाल ओळ नाही.
पान उघडतंय. बोट सातला सुटते म्हणतंय.
कुणाला कळलंसुद्धा नाही,
आणि या कामात तेवढीच शाबासकी असते.

सोमवारी फोन. डागमार, वय ब्याऐंशी.
"सुन्नवा, माझ्या बापाला कुठे नेलंस?"

'हावफ्रू' बोटीच्या पानावर नऊ ओळी.
चार नावं. पाच रिकाम्या जागा,
आणि रिकाम्या जागेपुढेही वय तसंच:
एकोणीस. सत्तावीस. एकतीस.
हानुस होता, पेतुर होता, येन्स, एलियास होते,
सरळ साध्या अक्षरांचे सगळे काठाला लागलेले.
ज्यांच्या नावात कुठे आडवा छेद होता, कुठे शेंडी,
ते दुसऱ्यांदा बुडाले होते,
आणि या वेळी तर वादळही नव्हतं.

नवी आवृत्ती कडक आहे.
तिला अक्षरं नव्या मापाने मोजून लागतात;
जुन्या मापाचं एक जरी सापडलं
तर अख्खं नाव गिळते, आणि तोंड पुसून
पुढच्या ओळीवर जाते.

डागमारच्या बापाचं नाव आयुन.
त्यात मधे ते अक्षर आहे, ð,
पाठीत वाकलेलं, मानेवर काडी ठेवलेलं.
आम्ही ते उच्चारत नाही. कधीच नाही.
आयफिन्नुरच्या नावात आहे, आमच्या बेटाच्याही.
विसरलं की शाळेत बाई गुण कापायच्या.
ऐकूच येत नाही तर लिहायचं कशाला, असं विचारलं
की म्हणायच्या, लिहा.

चारशे बारावी ओळ. तिथेच होतं.
जुनी आवृत्ती न विचारता समजून घ्यायची,
म्हणून चालत होतं, आयफिन्नुर.
मग एकशे सदुसष्ट नावं
नव्या मापात उतरवली,
चर्चची वही शेजारी उघडी ठेवून,
काना-मात्रा तपासावी तशी एकेक शेंडी बघत.
रॉई नावाचा एक पोरगा दोनदा नोंदलेला निघाला.
खोडताना उगाच बरं वाटलं,
एक तरी परत आल्यासारखं.

डागमारला फोन लावला. ती चष्मा शोधत राहिली.
"आहे," म्हणाली शेवटी,
आणि मोठ्याने वाचलं: आयुन.
ते अक्षर मला ऐकू आलं नाही.

ही आवृत्तीही दोन वर्षांत जुनी होणार,
तसा मेल येऊन पडलाय.
ग्रंथालयाचं कॅलेंडर तितकं लांब जात नाही.
म्हणून चारशे बाराव्या ओळीखाली
माझी एक ओळ लिहून ठेवली,
जी कोण पुढे येईल तिच्यासाठी:
हात लावा.
पण आधी आयुन दिसतो का बघा.