शेवटचा नळ

ही टाकीची किल्ली. हिला तेल लागतं.
ही उद्भव विहिरीच्या जाळीची;
कुलूप उलटं फिरतं, सुगंधा, घाई करू नकोस.

टीसीएलची गोणी भिंतीला टेकवायची नाही.
ओल लागली की पावडर मरते,
वास तेवढा मागे राहतो
आणि वासावर गाव फसतं.
टाकी पन्नास हजार लिटरची. पाव किलो पुरे.
आधी बादलीत कालवायचं, पिठल्याचं पीठ कालवतात तसं,
गुठळी ठेवायची नाही.
मग पाणी वाढवायचं आणि थांबायचं.
चुना तळाशी बसू दे. वरची निवळ तेवढी ओत.
त्यानंतर अर्धा तास काहीच करायचं नसतं.
मी विडी ओढायचो. तू हवं तर
कादवेकडून येणारे बगळे मोज.

लोक बोलतील. चहा बिघडला म्हणतील.
इंदुबाई मोगल तर म्हणते, या पाण्यानं तिचे केस गेले.
ऐकून घ्यायचं,
पाव किलोचं पाव किलोच ठेवायचं.

ही काचेची नळी, हे ओटीचे थेंब.
नावावरून बायका हसतात, हसू दे.
(भरा की मग पाण्याची ओटी, म्हणालीच होती एक.)
हळद पुसलेल्या बोटाइतकं पिवळं आलं तर ठीक.
केशरी आलं तर तुझा हात सैल सुटला.
काहीच आलं नाही,
तर पाणी उघडं आहे.

आता नळी कुठल्या नळाला लावायची, ते.
पुस्तकात लिहिलंय: शेवटच्या.
पहिला नळ पंचायतीसमोर आहे, लिंबाच्या सावलीत,
बसायला पार.
रजिस्टर उघड. अकरा वर्षं, एकच वळण:
क्लोरीन आढळले. क्लोरीन आढळले.
माझं अक्षर चांगलं आहे, साहेब दर वेळी म्हणायचे.

इथून पाणी तुमच्या वस्तीवर जातं.
द्राक्षबागांच्या कडेनं, गटारातल्या व्हॉल्व्हमधून,
तीन ठिकाणी गळत,
आणि जाता जाता त्यातलं औषध सरतं.
तेवढं मी चाललो नव्हतो.

हे पान बघ. श्रावणातलं. आढळले.
त्याच रात्री तुमच्याकडून जीप निघाली.
तू सात वर्षांची होतीस. दिंडोरीच्या दवाखान्यात
हाताची शीर सापडेना म्हणून
सलाईन पायाला लावलेलं.
मी खिडकीतून पाहिलं. आत आलो नाही.

सकाळी पहिल्यांदा गेलो शेवटच्या नळावर.
थेंब टाकले, हलवलं, आभाळासमोर धरलं.
नळीपलीकडचं सगळं स्वच्छ दिसत होतं:
बाभूळ, शेळी, हंडा घेऊन उभी तुझी आई.
काय आलं, तिनं विचारलं.
उजेड कमी आहे, म्हणालो मी.
ऊन तर कपाळावर होतं.

त्यानंतर रोज गेलो. ते राहू दे.
पान फाडता आलं असतं, फाडलं नाही.
खाली जागा आहे, ताबा मिळाला म्हणून सही कर,
किंवा आधी हवं ते बोल.

बोलत नाहीस.

अर्धा तास झाला असेल.
नळी तू घे, माझा हात हलतो.
गुडघ्यांचं बघू नकोस,
मी येतो, तिथवर येतो.