छाट

पावणेतीन वाजलेत.
पाणी आज यायचंय, पाचव्या दिवशी.
कधी, ते नगरपालिकेलाही ठाऊक नसावं.
तोटी उघडी ठेवून, खाली घागर लावून
मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलेय.

पाण्याआधी ते येतात.
वेणूची गाडी, होटगी रोड, पुढं ट्रक.
फोन उचलला नाही, म्हणजे नक्कीच.
(वेणू पुण्यात आहे. गाडी इथं जिन्याखाली,
हँडलवर माझाच टॉवेल वाळतोय.
तरीही.)
मग डाव्या कुशीतली कळ.
मग साहेब जाता जाता म्हणाले ते, "उद्या बोलू."
तो उद्या आता सात तासांवर आलाय.

सिव्हिलमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, श्वास मोजा.
मोजते.
चौथ्या श्वासाला गुरुलिंग येतो.

गुरुलिंग म्हणजे चेकर, विडी कारखान्यातला.
आई, व्यंकव्वा, दिवसाला हजार वळायची.
रात्री पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची,
पहाटे पत्रा ठेवून कात्री चालवायची.
आमची झोप त्या कात्रीच्या आवाजात मुरलेली.
दुपारी पाटी डोक्यावर, कन्ना चौकातून चालत.
आणि तो टेबलामागं बसून
जुड्या मोडायचा.
वाकडी. पोकळ. तोंड बसलं नाही.
छाट. छाट. छाट.
हजारातल्या दीडशे बाजूला,
पैसे साडेआठशेचे.
संध्याकाळी त्याच दीडशे मागच्या दारानं बाहेर जायच्या,
चांगल्या विड्यांच्या भावात.
सगळ्या बायकांना माहीत होतं.

एकदा मी सोबत होते. सहावीत असेन.
आईनं छाटीच्या ढिगावर हात ठेवला,
एक विडी उचलली.
"हिच्यात काय वाईट, दाखव."
शिवी नाही, आवाज चढवणं नाही.
ओळीतल्या बायका गप्प झाल्या.
त्यानं ती फिरवली, दाबली, उजेडात धरली.
"असू दे," म्हणाला.
तिनं दुसरी उचलली.
दुसरीत खरंच तंबाखू कमी होती.
"ही तुझी," आई म्हणाली, आणि तिसरी.

दीडशेच्या अकरा झाल्या त्या दिवशी.
घरी यायला अंधार पडला, भाकरी उशिरा.
मला वाटलं, जिंकलो.
पुढच्या आठवड्यात पुन्हा सव्वाशे छाट.
पुन्हा ती बसली.

त्या माणसाला माझ्या डोक्यात कुणी नोकरी दिली
कळत नाही.
तेच टेबल, नाकावर तोच चष्मा.
माझा अख्खा दिवस त्याच्यापुढं ओतते
आणि तो काढत जातो:
पोरगं फोनवर हसलं, छाट.
हिशेब पहिल्या फटक्यात जुळला, छाट.
शेजारच्या अंबूबाईनं आमटीची वाटी दिली,
छाट, तिला काहीतरी हवं असेल.

पूर्वी मी त्याला हाकलायची.
देवाचं नाव घ्यायची, रेडिओ लावायची, उशीत तोंड खुपसायची.
हाकलला की तो ढीग घेऊन जातो.
आता म्हणते, बस. दाखव.
ट्रक कुठाय, दाखव.
तो चाचपडतो.
कळ? कळ आहे.
बरं, ही तुझी. सोमवारी दाखवून येईन.
पुढची काढ.

काही रात्री माझ्यातही बळ नसतं.
मग दीडशेच्या दीडशे त्याच्या.
आई असती तर न बघता म्हणाली असती, "एम कादु,"
काही होत नाही गं,
आणि पुढचं पान उचललं असतं.
तिलाही झोप कमीच होती.
हे मला फार उशिरा सुचलं.

तोटी खोकते.
आधी नुसती हवा, मग गढूळ, मग धार.
पहिली घागर कढीपत्त्याला ओतते,
दुसरी लावते.
साहेबांचं "उद्या बोलू" हातात घेऊन
बल्बच्या उजेडात धरते.
पोकळ आहे का भरलेलं, अजून कळत नाही.
बाजूला ठेवते, ना इकडं ना तिकडं.
घागर गळ्यापर्यंत आलीये.