जिवंत मुद्देमाल

आंबोवोंबेच्या कोर्टात मुद्देमालाची खोली एकच.
मार्चपासून तिला नवं कुलूप आहे,
पावती माझ्याकडे, तीन प्रतींत.
कुलूप, वजनकाटा, सौर दिवा, दोन खुर्च्या, एक जाड वही:
प्रत्येकावर चिकटपट्टी,
पट्टीवर एका दूरच्या देशाचं नाव.

आज एकशे बारा कासवं आली.
त्यांनाही चिकटपट्टी होती,
पाय आत दाबून, तोंडावरून दोन वेढे,
लहानगी पायमोज्यांत कोंबलेली,
ट्रकमध्ये, तांदळाच्या पोत्यांखाली.
पाठीवर पिवळ्या रेघांचे तारे,
जणू कुणी अंधारात बसून एकेक ओढला असावा.

माहासोआ वही उघडतो.
तो इथलाच, अंद्रोयच्या काट्यांतला.
त्याच्या माणसांत कासव फादी:
खायचं नाही, शिवायचं नाही,
का, ते विचारायचं नाही.
वाटेत आडवं आलं तर माणसानं थांबायचं.
कितीतरी पिढ्या एवढीच व्यवस्था होती,
तिला कुणी निधी दिला नव्हता,
तिचा अहवाल कुणी मागितला नव्हता.
मग दुष्काळ आला,
दुष्काळामागून डांबर,
आणि डांबरावरून ट्रक,
ज्यांना कशाचंच फादी नाही.

आता नियम नवा.
प्रत्येक पाठीवर क्रमांक, पांढऱ्या रंगात, हातानं.
माहासोआ खांद्यावरच्या लांबाचं टोक बोटांना गुंडाळतो.
एक, म्हणतो, आणि पुटपुटतो काहीतरी
जे वहीत जात नाही.
दोन. पुन्हा तेच.
एकशे बारा वेळा माफी मागेपर्यंत
दिवा लावायची वेळ होते.

रात्री फोन आला.
यायचाच. दरवेळी येतो,
राजधानीतून, मऊ आवाजात, मुलाबाळांची चौकशी करत.
पूर्वी असा फोन आला की सकाळी
फाइल उंदरांनी खाल्लेली असायची.
न्यायाधीश राझाफिंद्रावेलोबाई सगळं ऐकून घेतात,
मग म्हणतात,
साहेब, आकडे पाठींवर आहेत
आणि पाठी चालतात.
मी कुठं कुठं खोडू?

तेवढ्यासाठी मी त्या कुलपाची किंमत
पुन्हा एकदा, आनंदानं, बेरजेत धरली.

पण खटला लांबतो.
वकील आजारी, ट्रकवाला आजारी, दुभाषा लग्नाला गेलेला.
कासवांना मात्र रोज भूक लागते.
मंजुरीपत्र मी तीनदा वाचलं.
प्रशिक्षण आहे, क्षमतावृद्धी आहे,
चहापान आहे, फलक आहे.
चारा नाही.
कळवलं, तर उत्तर आलं:
हा प्रकल्प संस्थांच्या बळकटीचा,
प्राण्यांचं शीर्षक वेगळं,
आणि त्याची मुदत संपली.

माहासोआ पहाटे येतो.
डोक्यावर निवडुंगाचा भारा,
काटे जाळावर भाजून काढलेले.
हाच निवडुंग त्याच्या मुलीही खातात
या महिन्यांत, घरात दुसरं काही नसतं तेव्हा.
आजचा भारा कुणाच्या वाट्याचा,
मी विचारलं नाही.
हिशेबनिसाचंही एक फादी असतं.

बुधवारी सत्तेचाळीस नंबर मेलं.
काट्यावर ठेवलं: आठशे दहा ग्रॅम.
त्यानं सही केली, मी सही केली.
पुरू का, त्यानं विचारलं.
मी नियमावली चाळली.
पुरावा पुरता येत नाही.
शीतपेटीत ठेवावा, असं आहे,
आणि शीतपेटी तोआमासिनाच्या बंदरात अडकलीय,
जकातीसाठी, जून महिन्यापासून.
म्हणून सत्तेचाळीस नंबर
आता वहीशेजारी, मिठात, बुटांच्या खोक्यात.

तिमाही अहवालात शेवटचा रकाना आहे:
संस्था किती बळकट झाली? आकड्यांत लिहा.

उजाडतंय.
दाराआडून आवाज येतोय,
एकशे अकरा पाठी लाकडाला ढुसण्या देतायत,
माहासोआची पावलं त्यांना ओळखू येतात आता.
मी लिहिते: कुलूप चांगलं आहे.
पुढं काय लिहावं ते सुचेपर्यंत
भाऱ्याचं एक टोक धरायला उठते.