खारबर्डी, काठाची विहीर

पाणी घेतलं अकरा फेब्रुवारीला, सकाळी साडेसातला.
बाटलीवर तसं लिहिलंय, पेन्सिलीने,
कारण शाई ओलीने जाते.
विहिरीच्या कड्यावर तपकिरी साय होती,
ती मी जुन्या टूथब्रशने खरवडली.
पार्बताबाई तायडे वरून वाकून बघत होती.
"काहून वं बाई, त्या शेवाळात काय पायतं?
या पान्यात डाळ शिजत नाही, च्या फाटते.
ढोरंबी वास घेऊन माघारी फिरतात."
मी म्हटलं, त्यात काहीतरी जगतंय.
"मंग त्यालेच कसं चालते?"

हा प्रश्न पुढे मी शोधनिबंधात घातला,
जरा इस्त्री करून.

प्रयोगशाळेत सगळं ॲसिडमध्ये उकळलं.
शेवाळ गेलं, माती गेली,
जीव म्हणून जे होतं तेही गेलं.
काच उरली.
एका केसाच्या जाडीत ओळीने तीन मावतील
एवढ्या काचेच्या डब्या,
झाकणात झाकण बसलेलं.

लांबी बावीस ते सव्वीस मायक्रॉन. रुंदी पाच.
आकार जवसाच्या दाण्याचा,
पण दोन्ही टोकं कुणी चिमटीत धरून ओढलेली.
रेघा, दहा मायक्रॉनमध्ये चौदा.
आधी मी सोळा मोजल्या होत्या. लाइट गेली.
आली तेव्हा पुन्हा मोजल्या, चौदा.
नागपूरला तासावर भाडं भरून
मोठ्या मायक्रोस्कोपखाली मोजल्या.
चौदाच.

हिचं सगळं गोत समुद्रातलं.
परीक्षकांनी विचारलं, खारबर्डीपासून समुद्र किती लांब?
नकाशावर दोरा ठेवून मोजलं,
पाचशेच्या वर किलोमीटर.
इथे कधी समुद्र होता की नव्हता
यावरून भूगोलाच्या सरांचं आणि माझं अजून वाजतं.
मी उत्तरात एवढंच लिहिलं,
पाणी खारट आहे, चाखून पाहिलं आहे.
ते वाक्य त्यांनी काढायला लावलं.

एकीच्या दोन होताना
दोघींना एकेक झाकण मिळतं, दुसरं आपलं आपण घडवायचं.
ते नेहमी आत बसणारंच होतं.
म्हणून जिच्या वाट्याला आतलं आलं ती धाकटी,
तिची लेक तिच्याहून धाकटी.
असं घटत घटत एक दिवस एखादी
काच टाकूनच देते,
उघडी फुगते,
आणि पुन्हा पुऱ्या मापाची होते.
बीएस्सीच्या वर्गात हे सांगताना
मागच्या बाकावरून दुर्पता भटकर म्हणाली,
मॅडम, उघडी असताना मरत नाही का?
मरतात. पुष्कळ मरतात.
हे पुस्तकात एका ओळीत आहे.

मग एक निवडायची असते,
जिच्यावरून बाकीच्या ओळखायच्या.
तिच्याभोवती काचेवर हिऱ्याच्या टोकाने गोल ओढतात.
माझा हात हलला. गोल जरा अंड्यासारखा आहे.
तो आता तसाच राहणार.

पहिलं नाव ठरलेलंच, नाविक्युला,
लॅटिनमध्ये लहानशी होडी.
दुसरं मी द्यायचं.
मार्गदर्शकांचं द्यायची रीत आहे, ते वाटही बघत होते.
मी पार्बताबाईचं दिलं.
बाईच्या नावाला लॅटिनमध्ये शेवटी दोन अक्षरं लागतात,
ती षष्ठी. पार्बताची.
सातबाऱ्यावर विहीर तिच्या भासऱ्याची आहे.

छापून आल्यावर फोटो घेऊन गेले.
तिने तो उलटा धरला, मग सुलटा,
दोन्हीकडून सारखाच दिसतो.
"इतलीशी?"
मी म्हटलं, हजारपट मोठी करून दाखवलीय.
"होडी हाये, त वल्हं कुठी हाये?"
मधली चीर दाखवली. हिच्यातून चिकट धार सोडून
सरकते ती, सावकाश, कड्याकडून उजेडाकडे.
पार्बताबाईने विहिरीकडे पाहिलं.
काही बोलली नाही.
फोटो पिठाच्या डब्यावर ठेवला, वर पाटा ठेवला,
आणि माझ्यासाठी टँकरच्या पाण्याचा
चहा मांडला.