महिला गट : दोन नावं

करीचा दिवस. शेतावर कोणी जात नाही,
म्हणून सकाळी सातलाच सगळं गाव तलावाच्या पाळीवर,
स्वेटरवर टॉवेल, टॉवेलवर टोपी.
मंडपवाल्याच्या चार खुर्च्या, शाळेचा भोंगा.
शिपाई वही उघडून विचारतो,
"महिला गटात कोन कोन?"
"मी," पारबता म्हणाली. "आन् हे."

बस्स. दोन नावं.
म्हणजे पहिला नंबर आमचा, दुसराही आमचाच.
एक पाच लिटरचा कुकर, एक स्टीलचा डबा.
"कुकर माह्या घरी जाते. तुह्या घरी आहे ना वं एक."
"त्याची शिट्टी गेली."
"मंग पोह."

मी खारपाणपट्ट्यातली.
आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही,
आणि टँकरच्या पाण्याला आई कुलूप लावायची.
लग्न होऊन झाडीत आले,
एवढं गोडं पाणी उघड्यावर पडलेलं पाहिलं
तेव्हा वाटलं, कोणीतरी विसरून गेलं असेल.

पारबता वलथऱ्याची. ढिवराची लेक, ढिवराची सून.
तिनं मला शिकवलं, माझ्या बत्तिसाव्या वर्षी,
शिंगाड्याच्या वेली चुकवत,
पोटाखाली एक हात धरून.
एके दिवशी तो हात तिनं काढून घेतला
आणि बाजूनं बोलत राहिली,
जावेबद्दल, मिरच्यांच्या भावाबद्दल,
हात तिथंच असल्यासारखी.

शिट्टी.
मी लेकाचा कबड्डीचा बनियन घातलेला, पाठीवर सात नंबर.
पाण्याला गार म्हणू नका, गार माठातलं असतं.
हे पाणी एकेक अवयव मोजून घेत होतं,
कानशिलं, बगला, पायाची करंगळी,
आणि मोजून झाल्यावर परत देत नव्हतं.
धुई इतकी की समोरचा पळस कधी होता, कधी नव्हता.
बदकं उठली, जरा लांब जाऊन बसली,
नाराज पाहुण्यांसारखी.

"तुडमाजवळून जाऊ नोको! तिथं पानी जास्त थंडं!"
पारबता ओरडली.
मला वाटलं, कुकरसाठी बोलते आहे.
मी तुडमाजवळूनच गेले.

पोटरीत गोळा आला.
आख्खा पाय दुसऱ्या कोणाचा तरी झाला.
डोंग्यातला तिचा दीर वल्हं थांबवून बघत होता,
मी हात वर करते का म्हणून.
"अंगठा वढ! आपल्याकडं वढ, बयताड!"
ती वीसेक हात पुढं होती.
मागं आली नाही. शिव्या तेवढ्या येत राहिल्या,
एकीमागून एक, ऊबदार.
मी उताणी झाले, अंगठा ओढला.
वर आभाळ तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं.
किती वेळ, माहीत नाही.

मान वळवली तर ती थांबलेली.
एका बांबूला धरून, पाण्यात हात घालून
काहीतरी सोडवत होती.
"काऊन थांबली वं?"
"जाळं हाय माह्यं. फसलं. तू जा ना!"
मी गेले.
तिच्या अगदी जवळून गेले, तिचे ओठ जांभळे होते,
आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

पळसाच्या मुळांना हात लागला, भोंग्यात माझं नाव चुकीचं पुकारलं.
तिळाचे लाडू धरवेनात, दात वाजत होते.
पारबता आली, डोक्यावरून पदर पिळला,
"डब्यात मच्छीचं कालवन चांगलं रायते," म्हणाली,
आणि शेकोटीत माझ्या पुढ्यात घुसून बसली.

संध्याकाळी गूळ मागायला तिच्या घरी गेले.
कुडाच्या भिंतीवर जाळं टांगलेलं होतं.
ते ओलं होतं की कोरडं
मी हात लावून पाहिलं नाही.