कुरेसारेच्या इस्पितळातून, सकाळी सहाला

उठलास का, तार्मो? मग आत्ताच जा.
ऊन चढलं की गड्डे मलूल पडतात,
मग कितीही गार ठेव, तरतरी परत येत नाही.
पानांवर दव असेल, असू दे.
तुझ्या वडिलांचे रबरी बूट दाराआड आहेत.
घालायच्या आधी उलटे करून आपट,
कधी कधी उंदीर असतो.

मोठी सुरी घे. पावाची नको, ती दातेरी.
गडग्याला लागून वाफा आहे, तिथून सुरू कर.
बोटांनी दाबून बघ, कळ्या गच्च हव्यात,
बाळाच्या लोकरी टोपीसारख्या, टाका टाक्याला चिकटलेला.
पिवळं दिसतंय का कुठे? नाही ना?
मग वेळेवर आलास.
ब्रोकोलीचं म्हणतेय मी.

देठ वीतभर ठेव, आणि काप तिरका घे.
सपाट कापलंस तर पाऊस खोडात साचतो,
आतून कुजत जातं
आणि बाहेरून महिनाभर कुणाला कळत नाही.
आपल्या घरात ते नवीन नाही.

रोप मात्र उपटू नकोस. ऐकतोयस ना?
साल्मेच्या जावयाने गेल्या साली सगळी उपटली,
वाफा कसा लख्ख केला म्हणून मिरवत होता.
ती काही बोलली नाही. त्याला कॉफी दिली.

आता मिठाचं पाणी, मोठ्या बादलीत.
गड्डे उलटे बुडव, अर्धा तास.
अळ्या वर येतील, हिरव्या, देठाच्याच रंगाच्या.
सात वर्षांचा असताना तुझ्या ताटात एक निघाली,
तेव्हापासून तू हिरव्याला शिवला नाहीस.
हेलसिंकीत काय खातोस, मी विचारत नाही.

तुरे सुटे कर, एका घासाचे.
देठ टाकू नकोस, साल तासली की गाभा गोड असतो,
उभ्या उभ्याच खा.
उकळत्या पाण्यात तीन मिनिटं. घड्याळ लाव,
अंदाजपंचे नको, तुझ्या वडिलांचा अंदाज आपण पाहिलाय.
लगेच विहिरीच्या पाण्यात. आमच्या विहिरीला बर्फ लागत नाही.
मग निळ्या काठाच्या फडक्यावर पसर, नीट कोरडे होऊ देत.
ओले भरलेस तर जानेवारीत
हातोडीने फोडावे लागतात.

किती निघाले?
सात?
पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी नऊ मोजले होते मी.
एक हरणाने खाल्ला असेल. दुसरा बघ,
जुनिपरच्या सावलीत, मागे.

फुललाय? पूर्ण?

बरं. राहू दे तो.
ऑगस्ट संपता संपता मधमाश्यांना फारसं काही उरत नाही.
नाही रे, तुझी चूक कशी?
चार दिवस आधी सांगायला हवं होतं,
पण तेव्हा मला गुंगी होती,
आणि कमरेत खिळा ठोकल्यावर माणसाला
भाजी आठवायला जरा वेळ लागतो.

नर्स आलीय. थांब, एक राहिलं.
कापलेल्या खोडाला, पानांच्या बगलेतून
पंधरा दिवसांत बारके तुरे फुटतील, अंगठ्याएवढे.
ते मोठे होत नाहीत. वाट बघत बसलं तर फुलून जातात.
दर तीन-चार दिवसांनी कुणीतरी काढायला हवेत,
थंडी कडक होईपर्यंत.
साल्मेचे गुडघे गेलेत.
कुणीतरी म्हणजे, मी आपलं सांगून ठेवलं.

तुझी बोट कधीची आहे?

हं.
हं. बरं.

पिशव्यांवर तारीख घाल.
वर्षही लिही, तार्मो.
फ्रीझरच्या तळाशी गेलं
की सगळं सारखंच हिरवं दिसतं.