ठेवू?

मत्राहच्या धक्क्यामागे, परकारांच्या
दोरखंडांच्या दुकानात
भिंतीवर एक मेलेला काळा फोन आहे,
बाजूला वाकडा हूक.

‘हँग अप’ म्हणजे काय, मी विचारलं
तर त्यांनी रिसीव्हर काढून
पुन्हा हुकाला अडकवला.
हे. टांगलं वर. संपलं बोलणं.
आता हूक गेला,
तरी साहेब टांगतोच.

तेवढ्यात खिशात वाजलं. दापोलीहून हलीमा.
पंपाची मोटार जळलीय,
मोहोर यंदा बेताचाच,
आणि शेवटी: ‘ठेवू?’

आपल्यात टांगत नाहीत.
विचारून ठेवतात,
शेजारणीकडे किल्ली ठेवावी तसं.

‘ठेव,’ परकार म्हणाले,
आणि मोबाइल खांद्याने कानाशी दाबून
दोर मोजत राहिले,
तीन वाव, चार वाव,
गिऱ्हाईक नव्हतंच.